बिनडोळ्याचा नाग

छप्पन्न सालाच्या आधी दारव्ह्याच्या आमच्या वस्तीत कुणी विचारलं असतं, की बाप्पा, भिंतीवर चित्रं काढते ती बाई कोणती, तर शेंबड्या पोरानंही सत्यभामेच्या घराकडे बोट केलं असतं. लग्न असो की नागपंचमी, भिंत सारवायची ज्याच्या त्याच्या घरच्या बाईनं आणि चित्र काढायचं सत्यभामेनं. गेरू, चुना, काजळी, हळद आणि कपड्यांना घालायची नीळ, एवढं सामान तिला पुरे होतं. शिंदीची काडी दातानं चावून टोक मऊ करायचं, झाला कुंचला.

तिचा नाग तर विचारू नका. शेपटीपासून रेघ सुरू केली की वेटोळ्यामागून वेटोळी घेत हात थेट फण्यापर्यंत जायचा, मधे उचलायचा नाही. मग अंगावर पांढरे ठिपके, आणि अगदी शेवटी डोळा. तिच्या मायनं तिला शिकवलं होतं, "डोळा शेवटी द्याचा. डोळा दिला का देव झाला. मंग त्याच्यावर हात फिरवाचा नाही."

छप्पन्नच्या दसऱ्याला सत्यभामा आणि तिचा नवरा उकंडा बौद्ध धम्माची दीक्षा घ्यायला नागपूरला गेले. उकंडा हे काही टोपणनाव नव्हे. त्याच्या आधीची दोन भावंडं गेली होती, म्हणून हा झाला तेव्हा आजीनं त्याला क्षणभर उकिरड्यावर ठेवलं आणि उचलून आणलं, म्हणजे मरणाची नजर पडू नये. असा उकिरड्यावरचा माणूस स्टेशनवर हमाली करत वाढला आणि नागपूरच्या त्या लाखो माणसांत पांढरे कपडे घालून, देव सोडल्याची शपथ घेत ताठ उभा राहिला. परत येताना तो रेल्वेच्या डब्यात लहान पोरासारखा रडला. "आता आपण कोनाच्या पाया पडाचं नाही," तो म्हणाला. सत्यभामेनं घरी पाय ठेवल्याबरोबर खुरपं घेतलं आणि स्वतःच्या हातानं काढलेले देव, नाग, सगळे भिंतीवरून खरवडून टाकले. जबरदस्तीनं नाही हो, मोठ्या खुशीनं. त्या दिवसाचे उपकार ती जन्मभर मानत राहिली.

पण हाताचं काय करता? पुढचा श्रावण आला आणि तिचा उजवा हात वळवळायला लागला. भाकरी थापता थापता पिठात वेटोळं निघायचं. ती घाईघाईनं पुसून टाकायची. चित्र म्हणजे देव आणि देव तर सोडले, मग चित्रही सुटलं, असा तिचा साधा हिशोब होता. हंगामात जिनिंगमध्ये सरकी वेचायची, उन्हाळ्यात लोकांच्या भिंतींना चुना मारायचा. पांढरी भिंत समोर आली की ती मान खाली घालून चुना मारायची आणि निघून जायची.

तिची एकुलती पोर नलू. नलू सात वर्षांची असताना सत्यभामेला भरल्या दिवसांत दवाखान्यात नेलं होतं. मूल वाचलं नाही. पण तिथल्या पांढऱ्या साडीतल्या सिस्टरनं सत्यभामेचं डोकं मांडीवर घेऊन तिला पाणी पाजलं. कोण, कुठली, काही विचारलं नाही. ते नलूनं पाहिलं. त्या दिवसापासून पोट्टीचं एकच टुमणं, "मले सिस्टर व्हाचं हाय."

आता बासष्ट सालची गोष्ट. नलू मुलींच्या शाळेत आठवीत गेली. आठवीपासून दोन वाटा होत्या, एक गृहशास्त्राची आणि दुसरी विज्ञानाची. म्हणजे कागदावर दोन. प्रत्यक्षात मुलींना विज्ञान शिकवायला आजवर कुणी आलंच नव्हतं. त्या वर्षी अमरावतीहून इंदुताई आल्या. चष्मा, दोन वेण्या, बोलणं तुरुतुरु. पण हेडमास्तर वामनराव भला आणि भित्रा माणूस. ते म्हणाले, "दहा मुलींच्या घरून संमतीच्या कागदावर सही-अंगठा आणा, तर वर्ग. नागपंचमीनंतरच्या शनिवारी मला कागद वर पाठवायचा आहे. नऊ आले तरी वर्ग नाही."

शाळा सुरू होऊन आठवडा झाला तरी कागद आले होते तीन. त्यांतला एक नलूचा, त्यावर सत्यभामेचा अंगठा. विज्ञान नाही तर सिस्टर होणं नाही, हे नलूला कुणीतरी सांगितलं होतं, आणि पोर जेवेनाशी झाली होती.

त्याच दिवसांत सत्यभामा शाळेच्या आठवीच्या खोलीत राहिलेला चुना मारायला गेली. शाळा सुटली होती. इंदुताई एकट्याच फळ्यावर काहीतरी काढत होत्या, पुसत होत्या, पुन्हा काढत होत्या.

"बाई जी," सत्यभामेच्यानं राहवलं नाही, "हे वांगं हाय का?"

"बेडूक आहे," इंदुताई म्हणाल्या. "खडू फार वाईट आहे इथला."

नाचता येईना अंगण वाकडं! सत्यभामा हसू दाबत म्हणाली, "बेडकाले मान नसते जी. तुमी त्याले मान देऊन राह्यले."

"मग तुम्ही काढून दाखवा."

"मी चित्र काढत नाही. आमी देव सोडले."

इंदुताईंनी चष्मा वर सारून तिच्याकडे पाहिलं. "बेडूक देव आहे का?"

सत्यभामा चुन्याची बादली हातात धरून उभी राहिली. सहा वर्षांत हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता आणि तिनं स्वतःलाही विचारला नव्हता. बेडूक देव नव्हता. कोणत्याच हिशोबानं नव्हता. तिनं बोट चुन्यात बुडवलं आणि काळ्या फळ्यावर एका दमात बेडूक बसवला, असा की आता उडी मारतो की मग. फक्त डोळ्याच्या जागी तिनं बोट थांबवलं आणि ती जागा काळीच ठेवली. इंदुताईंना ते कळलं नाही. त्या नुसत्या टाळ्या पिटत होत्या.

दुसऱ्या दिवशी पोरींनी तो बेडूक पाहिला आणि खोलीत एकच गलका झाला. "हा कोनं काढला वो बाई?" नलूचे कान लाल झाले.

मग काय, सत्यभामेचं रोजचंच झालं. काम आटोपून ती चार वाजता शाळेत यायची. इंदुताई जास्वंद मधोमध चिरून दाखवायच्या, सत्यभामा ती हातभर मोठी भिंतीवर उतरवायची आणि पोरी तिच्याभोवती कोंडाळं करायच्या. पण ती पोरींना नुसतं पाहू द्यायची नाही. "माह्या तोंडाकडं काय पाहता? घ्या काड्या, चावा," असं दरडावून तिनं सगळ्यांना कुंचले करायला लावले. पाकळ्या गेरूच्या, पराग हळदीचा, नावं काजळीची. जी पोट्टी पुस्तकातला पुंकेसर वाचताना जांभया द्यायची, ती आता कुंचला हातात घेऊन विचारायची, "बाई, याचे धागे मोजून किती काढू? आपल्या भेंडीच्या फुलातही असेच राह्यतात का?" आणि घरी जाऊन भेंडीचं फूल फाडून बघायची. आईच्या शिव्या खायची, ती वेगळी गोष्ट.

विज्ञान पोरांचं असतं, असं म्हणणाऱ्या घरांत पोरी अंगणात रांगोळीनं मुळाचा आडवा छेद काढायला लागल्या. कानामागून आली अन् तिखट झाली, असं सत्यभामेबद्दल एक-दोन बायका बोलल्याही. बोलोत. कागद तिनाचे सात झाले, साताचे अकरा. नलू पोटभर जेवायला लागली.

आता खरी गंमत ऐका. इंदुताईंनी पचन शिकवायला घेतलं आणि सांगितलं, की माणसाच्या पोटात लहान आतडं वीसेक फूट लांब असतं. पोरी हसल्या. एवढंसं पोट, वीस फूट कसं मावेल? विठ्ठलरावांची नात हंसा होती वर्गात, मोठी फटकळ. ती म्हणाली, "बाई, तुमी आमाले येडं बनवून राह्यल्या."

विठ्ठलराव म्हणजे शाळा समितीचे अध्यक्ष. पऱ्हाटीची, म्हणजे कापसाची शेती, गावात शब्दाला वजन.

सत्यभामेनं विहिरीवरची दोरी आणवली. पोरींनी ती हातानं मोजली, तेरा हात आणि वर थोडी. मग इंदुताई म्हणाल्या, आता ही एका पोटात बसवून दाखवा. पोरींनी दोरी जमिनीवर ठेवून गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. अखेर ती वेटोळ्या-वेटोळ्यांनी सुपाएवढ्या जागेत बसली तेव्हा हंसानं ती उलगडून स्वतः पुन्हा मोजली.

"हे आपण खरंखुरं तेरा हात काढू," सत्यभामा म्हणाली. आतल्या भिंती भरल्या होत्या. म्हणून शाळेची मागची भिंत घेतली, लिंबाच्या झाडाकडे तोंड असलेली, पुढे आलेल्या छपराखालची. ती उंच होती, आणि उजेडही बरा होता. तिथून पन्नास पावलांवर वारूळ होतं, ते कुणाच्या ध्यानात नव्हतं.

तिनं गेरूत काडी बुडवली आणि खालून सुरुवात केली. सहा वर्षं दाबून ठेवलेला हात मोकळा सुटला तो काय विचारता! वेटोळ्यामागून वेटोळं, दुहेरी रेघ, मधे हात उचलायचं नाव नाही. वर पोहोचल्यावर इंदुताईंनी सांगितल्याप्रमाणे जठर काढलं, रुंद, एका बाजूला कललेलं. आणि सवयीनं, अगदी सवयीनंच, आतड्याच्या अंगावर पांढरे ठिपके देऊन टाकले. दिल्यावर तिच्या लक्षात आलं आणि ती चपापली. पण इंदुताई खूश. "राहू द्या, राहू द्या! आतड्याला आतून असेच बारीक बारीक उंचवटे असतात." पोरींना नावं लिहायची होती, पण पाऊस आला. नावं सुट्टीनंतर लिहू, असं ठरलं.

सुट्टी कसली? नागपंचमीची.

त्या दिवशी आपल्याकडे तवा चुलीवर चढत नाही, विळीवर काही चिरत नाहीत. सकाळी बायका दूध, लाह्या, हळदकुंकू घेऊन वारुळाकडे निघाल्या. सगळ्यांत पुढे मैनाबाई, विठ्ठलरावांची बायको. लिंबाच्या झाडाखाली आल्या आणि थबकल्या. शाळेच्या भिंतीवर पुरुषभर उंच नाग! लालभडक, अंगावर ठिपके, वर फणा पसरलेला. असा नाग दारव्ह्यात सहा वर्षांत कुणी पाहिला नव्हता.

"माय वो," मैनाबाईंनी जमिनीवर डोकं टेकलं.

दुपारपर्यंत भिंतीखाली लाह्यांचा ढीग झाला, दुधाचा ओघळ झाला, आणि जठर हळदीनं पिवळं पडलं. आणि सोमवारी शाळेत ते पाहून हंसा पोट धरून हसली ती हसतच घरी गेली. "आजी, तू आतड्याले दूध पाजलं!"

झालं. संध्याकाळपर्यंत गावभर. आमच्या हातून आतड्याची पूजा करवली, तीही कुणाच्या हातच्या आतड्याची! हे शेवटचं वाक्य लोक कोणत्या सुरात बोलले ते इथे लिहायला नको, ज्यांनी ऐकलं त्यांना ठाऊक आहे. विठ्ठलरावांनी वामनरावांना बोलावून सांगितलं, "भिंत पांढरी करा. पोरी गृहशास्त्र शिकतील." अकरा कागदांतले सात घरोघरच्या लोकांनी परत नेले. उरले चार. आणि हातात होते पाच दिवस.

आणि सत्यभामेच्या घरात तिसराच वणवा. उकंडा हमालीवरून आला तो उंबऱ्यातच उभा राहिला. "नलूची माय, तू नाग काढला?"

"नाग नोय. आतडं हाय ते."

"लोकं पाया पडून राह्यले त्याच्या! आपण नागपूरले कायले गेलतो मंग?"

सत्यभामेला असा राग कधी आला नव्हता. शपथ मोडली म्हणणारा दुसरा कुणी असता तर तिनं ऐकून घेतलं असतं, पण हा? "जा," ती म्हणाली. "जाऊन पाह्य. त्याले डोळा हाय का ते पाह्य. बेडकाले नाही देल्ला, मासोळीले नाही देल्ला. छप्पन्नपासून या हातानं डोळा काढला नाही."

उकंडा तसाच गेला. बराच वेळ भिंतीसमोर उभा राहिला म्हणतात. हळद हातानं पुसून पुसून त्यानं पाहिलं. परत आला आणि पाणी प्यायला. एवढंच म्हणाला, "नाही हाय."

शुक्रवारी वामनरावांचा निरोप आला, भिंतीला चुना मारून दे. कुणाला निरोप? सत्यभामेलाच! गावात चुना मारणारी तीच होती ना. ज्या हातानं काढलं त्याच हातानं पुसायचं. तिनं बादलीत चुना भिजवला. रडली नाही, पण चुना ढवळताना त्याचा एक थेंब डोळ्यात उडाला आणि डोळा चुरचुरत राहिला.

ती शाळेमागे पोचली तर नलू आणि आणखी तीन पोरी भिंतीला पाठ लावून उभ्या. इंदुताई बाजूला, चेहरा उतरलेला. "नलू, सरक," सत्यभामा म्हणाली.

"नाही सरकत."

"सरक म्हणते ना."

तेवढ्यात लिंबाखालून मैनाबाई आल्या. सोबत सून बसंती, डोक्यावर पदर, आठ पावलं मागे. विठ्ठलरावांना न सांगता आल्या होत्या. आल्या त्या थेट भिंतीकडे, आणि नलूच्या समोर उभ्या राहून म्हणाल्या, "पोट्टे, तुले हे सगळं समजते?"

"समजते आजी."

"माहा नातू मांगच्या वर्षी हगवणीनं गेला. दोन वर्साचा होता. हगवण कुठी होते ते दाखव मले."

नलूनं आधी आईकडे पाहिलं, मग वळून भिंतीवर हात ठेवला. तिनं घास कुठून जातो, जठरात काय होतं, या वेटोळ्यांतून अन्नाचं आणि पाण्याचं सत्त्व रक्तात कसं शोषलं जातं, ते तिच्या माहितीइतकं सांगितलं. घाण पाण्यातून जंतू गेले की आतडं पाणी धरून ठेवत नाही, सगळं बाहेर टाकतं, आणि लहान लेकरू सुकून जातं. तेरा वर्षांची पोर, पण अडखळली नाही. अडली तिथे इंदुताईंनी हळूच पुढचा शब्द दिला.

"पाणी कुठचं पीत होतं लेकरू?" इंदुताईंनी विचारलं.

"नाल्याचं," बसंती मागून पुटपुटली. "पावसात विहीर गढूळ होती, बाई."

मैनाबाईंचा आवाज बदलला. "हिनं नागपंचमीले तवा ठेवला होता चुलीवर. लेकराले ताप होता म्हणून त्याले भाकर करून देल्ली. चार दिवसांनी लेकरू गेलं. मले वाटलं, नाग कोपला. वर्स झालं, मी हिच्या हातचं पाणी पेली नाही."

"तव्याचा काही संबंध नाही, मैनाबाई," इंदुताई म्हणाल्या. "खरंच नाही. पाणी उकळून दिलं असतं तर कदाचित वाचलं असतं, पण ते तुम्हा कुणालाच माहीत नव्हतं."

मैनाबाई होत्या तिथे, चिखलात, मटकन बसल्या. बसंतीनं धावत येऊन त्यांना धरलं. सासूनं सुनेचा हात सोडला नाही. काय रडल्या त्या दोघी! वर्षभराचं साचलेलं रडणं, ते बघून पोरींचेही डोळे भरले. सत्यभामेचं स्वतःचं न वाचलेलं लेकरू तिच्या डोळ्यांपुढे आलं आणि तीही रडली.

थोड्या वेळानं मैनाबाई उठल्या, भिंतीकडे वळल्या आणि त्यांनी दोन्ही हात जोडले.

सत्यभामा पुढे झाली. बादली अजून हातातच होती. "मैनाबाई, याले हात जोडू नका," ती म्हणाली. "याले पाहा. फक्त पाहा."

विठ्ठलरावांच्या बायकोला असं सांगायची तिची ही पहिलीच वेळ.

मैनाबाईंनी जोडलेले हात तसेच धरले, मग हळूहळू खाली घेतले. "पाहून राह्यली ना माय," त्या म्हणाल्या. "आत्ताच तर पाहून राह्यली." आणि वळून इंदुताईंना म्हणाल्या, "हंसासाठी दुसरा कागद आना. अंगठा माहा लावते. म्हाताऱ्याचं मी पाहते. अन् सत्यभामे, ते चुन्याची बादली घरी ने."

तो पाचवा अंगठा. मग मैनाबाई सुनेला घेऊन घरोघर फिरल्या, पाऊस अंगावर घेत. ज्या दारी गेल्या तिथे त्यांनी एकच गोष्ट सांगितली, तव्याची आणि पाण्याची. शनिवारी दुपारी वामनरावांच्या टेबलावर कागद होते चौदा. भित्र्या माणसानं चष्मा पुसून ते दोनदा पाहिले आणि वर पाठवून दिले. भिंतीवर पोरींनी काजळीनं नावं लिहिली. ती भिंत पुढे कितीतरी पावसाळे तशीच होती.

पुढे हिवाळ्यात इंदुताईंनी डोळा शिकवायला घेतला. तेव्हा मात्र सत्यभामा अडली. "एवढं नका सांगू बाई जी. बाकी सगळं काढते." इंदुताईंनी आग्रह केला नाही. सत्यभामा घरी येऊन चुलीपुढे बसून राहिली. उकंड्याला कारण कळलं तेव्हा तो बिडी विझवून म्हणाला, "डोळा देल्ला का देव होते, असं तुई माय म्हणे. आपण ते सोडलं ना? मंग भेव कायचं धरून बसली? ज्या दिवशी तू डोळा काढशीन अन् तो नुसता डोळाच राह्यन, त्या दिवशी आपलं खरं सुटलं."

एवढं बोलणारा माणूस नव्हता तो. सत्यभामा त्याच्याकडे बघतच राहिली. असा नवरा मिळाल्याचं तिला त्या दिवशी जेवढं बरं वाटलं तेवढं लग्नातही वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिनं आठवीच्या भिंतीवरची जुनी बिनडोळ्याची मासोळी पुसली आणि त्या जागी परातीएवढा डोळा काढला. पडदा, बाहुली, बाहुलीमागचं भिंग, मागची शीर. पोरींनी नावं लिहिली. काही झालं नाही. तो नुसता डोळा राहिला.

वर्षं गेली. नलू सहासष्टला मॅट्रिक झाली. नर्सिंगच्या अर्जात विज्ञानाचा रकाना होता, तो तिनं भरला, आणि नागपूरला शिकायला गेली. हंसाचं लग्न झालं ढाणकीला. तिच्या घरी पाणी उकळल्याशिवाय लेकराच्या तोंडाला लागत नाही, असं मैनाबाई अभिमानानं सांगायच्या. इंदुताईंची बदली झाली. जाताना सत्यभामेनं त्यांना शिंदीच्या काड्यांची एक जुडी दिली. इंदुताई म्हणाल्या, "मला कुठे येतं काढायला?" सत्यभामा म्हणाली, "बेडकाची मान सोडली तर बाकी बरं होतं जी." दोघी हसल्या.

इकडे सत्यभामेची नजर मंदावत गेली. आधी रेघ दुहेरी दिसायला लागली, मग भिंतच धुरकट झाली. एकोणसत्तरच्या थंडीत यवतमाळला डोळ्यांचं शिबिर भरलं. उकंडा तिला हाताला धरून घेऊन गेला. तपासणाऱ्या डॉक्टरांनी बॅटरी मारली आणि म्हणाले, "बाई, मोतीबिंदू आहे. डोळ्यात..."

"बाहुलीमांगचं भिंग धुरकट झालं जी," सत्यभामा म्हणाली. "बाहुली बरी हाय. मांगची शीरही बरी असन, उजेड समजते मले."

डॉक्टर थांबले. "तुम्हाला कसं माहीत?"

"मीच काढलं हाय ते."

डॉक्टरांना काही कळेना. त्यांच्या मागे पट्ट्यांचा ट्रे घेऊन उभी असलेली पांढऱ्या साडीतली सिस्टर मात्र हसू आवरायला तोंड फिरवून उभी राहिली. नागपूरहून शिबिरासाठी पाठवलेल्या नर्सेसमध्ये नलू होती.

ऑपरेशन झालं. आठ दिवस पट्टी. त्या आठ दिवसांत सत्यभामा खाटेवर पडल्या पडल्या एकेकाचं नाव घेत असायची. दसऱ्याचं नागपूर, ती पहिली सिस्टर, इंदुताई, मैनाबाई, चिखलात बसलेली बसंती, उंबऱ्यातला उकंडा. कुणाकुणाचे उपकार मोजावेत, हे तिला समजत नव्हतं, पण ती मोजत होती.

नवव्या दिवशी नलूनं स्वतः पट्टी सोडली आणि जाड भिंगाचा चष्मा आईच्या नाकावर बसवला. आधी नुसता उजेड. मग उजेडातून पांढरी साडी, मग साडीवरचा चेहरा, अगदी जवळ, एकेक भुवई दिसेल इतका. सत्यभामेचे दोन्ही हात आपोआप वर आले आणि जोडले गेले.

नलूनं ते हात धरले आणि सोडवले.

"माय, हात जोडू नको," ती म्हणाली. "पाह्य. फक्त पाह्य."

आणि सत्यभामा आपल्या पोरीकडे पाहत राहिली, किती वेळ तरी.